यास्नाया पोल्याना ते सेगाव : पुरुषांमधील सख्य, टॉलस्टॉयचा संयमविचार आणि इतिहासाचे वाचन

प्रास्ताविक

मे १९३७ मध्ये जोहान्सबर्गचे वास्तुशिल्पज्ञ हरमन कॅलनबॅक हिंदुस्थानात आले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील तिथल येथे त्यांनी गांधीजींची भेट घेतली. १९१४ च्या अखेरीस लंडन येथे दोघांची ताटातूट झाली होती. त्यानंतर मधे तेवीस वर्षे गेली. १९३९ च्या आरंभी कॅलनबॅक पुन्हा आले. दोन्ही खेपांना वर्ध्याजवळच्या सेगाव आश्रमात त्यांचा मुक्काम घडला. शेगावच्या नावाशी टपालाचा घोळ होत असल्यामुळे सेगावचे ‘सेवाग्राम’ हे नामांतर १९४० मध्ये झाले, म्हणजे कॅलनबॅक यांनी पाहिलेले गाव सेगावच होते.

गांधीवाङ्मयाच्या मराठी वाचकाला कॅलनबॅक हे नाव अपरिचित नाही. टॉलस्टॉय फार्मसाठी जमीन देणारा उदार जर्मन मित्र एवढी त्यांची ओळख आत्मकथेतून आणि ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या ग्रंथातून होते. २०११ मध्ये मात्र हे नाव अगदी निराळ्या कारणाने वृत्तपत्रांत गाजले. जोसेफ लेलिव्हेल्ड यांच्या ‘ग्रेट सोल’ या चरित्रग्रंथात गांधीजींनी कॅलनबॅक यांना लिहिलेल्या पत्रांचे विस्तृत उतारे आले. काही परदेशी परीक्षणांनी त्यांतून गांधीजींच्या लैंगिकतेविषयी भडक निष्कर्ष काढले आणि ग्रंथ भारतात पोहोचण्यापूर्वीच गुजरात विधानसभेने ३० मार्च २०११ रोजी त्यावर बंदी घालण्याचा ठराव एकमताने संमत केला. महाराष्ट्रातही बंदीची भाषा झाली. लेलिव्हेल्ड यांनी असे कोणतेही विधान आपण केलेले नसल्याचा खुलासा केला. गांधीजींचे नातू राजमोहन गांधी आणि पणतू तुषार गांधी यांनी बंदीला विरोध दर्शविला.

या वादात दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न धरून ठेवला होता : ‘ते तसे होते की नव्हते ?’ प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. ज्या भावविश्वात ही पत्रे लिहिली गेली त्याचा एक मोठा स्रोत रशियन साहित्यात, विशेषतः टॉलस्टॉयच्या उत्तरायुष्यातील लेखनात आहे. रशियन साहित्याच्या अभ्यासकांसमोर हाच पेच टॉलस्टॉयच्या संदर्भात फार पूर्वी आलेला आहे. त्यांनी तो कसा हाताळला हे पाहिल्यावाचून सेगावपर्यंत आलेल्या या मैत्रीचे वाचन नीट होणार नाही.

टॉलस्टॉयची रोजनिशी

नोव्हेंबर १८५१ मध्ये काकेशस प्रांतात असलेल्या तेवीस वर्षांच्या टॉलस्टॉयने आपल्या रोजनिशीत एक दीर्घ नोंद केली. स्त्रियांवर आपले कधी खरे प्रेम जडले नाही, पुरुषांवर मात्र अनेकदा जडले, असे तो तेथे लिहितो. ज्यांच्यावर जीव जडला त्यांची नावे देतो. त्यांच्या सौंदर्याची ओढ, त्यांना आपण नापसंत ठरू ही भीती, या गोष्टी तो बारकाईने टिपतो. पुरुषांमधील शरीरसंबंधांविषयी आपल्याला तिटकारा आहे हेही तो नमूद करतो. एका मित्राबरोबरच्या प्रवासाची आठवण सांगताना त्या भावनेत इंद्रियसुखाचा अंश होता, परंतु तो तेथे का आला हे ठरविता येत नाही, अशी कबुली तो देतो.

नोंद करणारा स्वतःच ‘ठरविता येत नाही’ असे म्हणतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सायमन कार्लिन्स्की यांनी १९७६ मध्ये गोगोलच्या लैंगिकतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून रशियन साहित्याच्या अभ्यासातील मौन मोडले. पुढे ईगोर कोन, डॅन हीली, ब्रायन जेम्स बेअर यांनी हे क्षेत्र वाढविले. या परंपरेतील चांगले लेखन अशा नोंदीवरून लेखकाच्या कपाळी चिठ्ठी चिकटवीत नाही. त्या काळी एखाद्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाविषयीची ओढ कोणत्या शब्दांत मांडता येत होती आणि कोणत्या ठिकाणी शब्द थांबत होते, याचा ते शोध घेते. कायदाही विचारात घ्यावा लागतो. झारकालीन दंडसंहितेचे ९९५ वे कलम पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरवीत होते. त्या कलमाखाली आरोप असलेल्या एका बड्या अधिकाऱ्याची सिनेटरांमधील चर्चा टॉलस्टॉयने ‘पुनरुत्थान’ (१८९९) या कादंबरीत घातली आहे. तेथे त्याचा सूर निंदेचाच आहे. तरुण वयातील रोजनिशी आणि वृद्धापकाळातील कादंबरी यांमधील हे अंतर झाकण्याचे काही कारण नाही.

या दोहोंच्या मधे ‘क्रॉइत्झर सोनाटा’ येते. १८८९ मध्ये या कथेच्या हस्तलिखित प्रती रशियात हातोहात फिरू लागल्या. सरकारने प्रकाशनास मनाई केली. विवाहावर इतका कठोर प्रहार करणारी ही कथा समग्र वाङ्मयात छापू द्यावी म्हणून १८९१ मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरची भेट घेणारी व्यक्ती टॉलस्टॉयची पत्नी सोफिया आंद्रेयेव्ना हीच होती. कथेचे आणि तिला जोडलेल्या उपसंहाराचे प्रतिपादन असे की, कामवासना विवाहात असो वा विवाहाबाहेर, ती अधःपाताकडेच नेते, आणि पूर्ण ब्रह्मचर्य हाच मनुष्याचा आदर्श होय. या प्रतिपादनाचा एक परिणाम टॉलस्टॉयच्या स्वतःच्या ध्यानात आला होता असे दिसत नाही. विवाहातील कामही जर सदोष, तर ‘स्वाभाविक’ आणि ‘अस्वाभाविक’ यांमधील सीमारेषा, जिच्यावर सगळी सामाजिक निंदा उभी असते, ती पुसट होते. सर्वच देहसंबंध खालच्या पायरीवर गेले की वरच्या पायरीवर उरते ते मैत्र. आणि त्या मैत्राने कितीही उत्कट भाषा वापरली तरी त्याला दोष लागत नाही.

वसिली रोझानोव यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. ‘चंद्रप्रकाशातील माणसे’ या १९११ च्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, विवाहाविषयी तिटकारा बाळगणारा संन्यासमार्ग हा मुळात स्त्रीविषयी ओढ नसलेल्या माणसांनी घडविलेला आहे. रोझानोव यांचे विवेचन पूर्वग्रहांनी भरलेले आहे आणि आज ते तसेच्या तसे स्वीकारणे शक्य नाही. तरीही ब्रह्मचर्याचा आदर्श आणि पुरुषांमधील सख्य यांचा संबंध उघडपणे चर्चेला आणण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, मिखाईल कुझमीन यांची ‘पंख’ ही लघुकादंबरी प्रसिद्ध झाली होती. तीत एका तरुणाला पुरुषावरील प्रेमाची जाणीव होते आणि शेवटी तो ते स्वीकारतो. शिक्षा नाही, आत्महत्या नाही, पश्चात्तापही नाही. रशियन वाचकाला हे अगदीच नवे होते.

१९१० : दोन घरे

टॉलस्टॉय आणि गांधीजी यांचा पत्रव्यवहार ऑक्टोबर १९०९ मध्ये सुरू झाला आणि टॉलस्टॉयच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर १९१० पर्यंत चालला. या पत्रव्यवहाराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या महिन्यांत टॉलस्टॉयच्या घरात काय घडत होते याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

व्लादिमीर चेर्तकोव हे टॉलस्टॉयचे निकटचे शिष्य. टॉलस्टॉयच्या रोजनिश्या आणि हस्तलिखिते कोणाच्या ताब्यात राहावीत यावरून सोफिया आंद्रेयेव्ना आणि चेर्तकोव यांच्यात तीव्र संघर्ष पेटला होता. १९१० च्या उन्हाळ्यात सोफियाने १८५१ ची ती जुनी नोंद उतरून काढली आणि पतीसमोर ठेवली. चेर्तकोवविषयीचे त्याचे प्रेम अस्वाभाविक आहे असा तिचा आरोप होता. टॉलस्टॉय हादरून गेला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, तेरा अपत्यांच्या मातेने केलेला हा आरोप केवळ मत्सर म्हणून सोडून देण्याची प्रथा चरित्रकारांत आहे. पण सोफियाचे दुःख खोटे नव्हते. ज्या तत्त्वज्ञानात पत्नीचे स्थान वासनेच्या बाजूला आणि शिष्याचे स्थान आत्म्याच्या बाजूला ठरते, त्या तत्त्वज्ञानात आपल्याला जागा उरत नाही, हे तिला कळले होते.

याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत ‘टॉलस्टॉय फार्म’ उभे राहत होते. कॅलनबॅक यांचा जन्म १८७१ चा, तत्कालीन रशियन साम्राज्याच्या सीमेवरील लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबातला. त्यांचे शिक्षण जर्मनीत झाले आणि १८९६ मध्ये ते जोहान्सबर्गला गेले. गांधीजींशी परिचय झाल्यावर त्यांनी आपली राहणी बदलली. १९०८-०९ मध्ये दोघे जोहान्सबर्गमधील कॅलनबॅक यांच्या घरात एकत्र राहत होते. मे १९१० मध्ये कॅलनबॅक यांनी ११०० एकरांची शेतजमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना विनामूल्य वापरावयास दिली. टॉलस्टॉयचे नाव या वसाहतीला देण्याची कल्पना त्यांचीच. ऑगस्ट १९१० मध्ये त्यांनी टॉलस्टॉयला स्वतः पत्र लिहिले आणि गांधीजींनी त्यासोबत आपले पत्र जोडले. ७ सप्टेंबर १९१० चे टॉलस्टॉयचे प्रसिद्ध उत्तर, ज्यात प्रेमाचा नियम आणि अप्रतिकार यांचे विवेचन आहे, चेर्तकोव यांच्यामार्फत रवाना झाले. प्रेमाचा नियम सांगणारे पत्र लिहिले जात होते तेव्हा लिहिणाऱ्याच्या घरात, कोणते प्रेम शुद्ध आणि कोणते अशुद्ध, यावरून आग लागलेली होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचाराचा उगम केवळ टॉलस्टॉयमध्ये शोधणे बरोबर होणार नाही. आत्मकथेत त्यांनी या बाबतीत रायचंदभाईंचे ऋण मान्य केले आहे आणि ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी १९०६ मध्येच घेतले होते. ‘हिंद स्वराज्य’च्या परिशिष्टातील वाचनीय ग्रंथांच्या यादीत टॉलस्टॉयची सहा पुस्तके आहेत, परंतु ‘क्रॉइत्झर सोनाटा’ त्यांत नाही. तेव्हा थेट प्रभावाचा दावा न करता एवढेच म्हणणे उचित ठरेल की, जैन-वैष्णव संयमपरंपरा आणि टॉलस्टॉयचा संयमवाद या दोन प्रवाहांचा फार्मवर संगम झाला, आणि कॅलनबॅक त्यात दुसऱ्या प्रवाहाने आले.

वरिष्ठ आणि कनिष्ठ सभागृह

गांधीजी पत्रांत स्वतःला ‘वरिष्ठ सभागृह’ आणि कॅलनबॅक यांना ‘कनिष्ठ सभागृह’ म्हणत. ब्रिटिश संसदेच्या धर्तीवरचा हा विनोद होता. तिजोरी कॅलनबॅक यांच्या हाती, नकाराधिकार गांधीजींच्या. २९ जुलै १९११ रोजी, कॅलनबॅक कुटुंबीयांना भेटण्यासाठी युरोपला निघण्याच्या सुमारास, दोघांमध्ये एक करारनामा लिहिला गेला. कनिष्ठ सभागृहाने गरीब शेतकऱ्याला शोभेल इतकाच खर्च करावा, या काळात विवाहबंधन स्वीकारू नये, कोणत्याही स्त्रीकडे वासनेने पाहू नये, अशी त्यातली कलमे. याच्या मोबदल्यात काय, तर दोन्ही सभागृहांमध्ये अधिकाधिक प्रेम, आणि ते जगाने पाहिले नसेल इतके.

हा दस्तऐवज वाचताना हसू येते आणि मग थांबावेसे वाटते. विवाहनिषेधाचे कलम हे प्रेमपत्राचे लक्षण आहे की व्रताचे ? टॉलस्टॉयच्या परिभाषेत हे दोन निराळे पर्याय नाहीतच. ब्रह्मचर्य ही त्या प्रेमाची अट आहे. आजच्या वाचकाला ‘प्रेम’ आणि ‘देहसंबंध’ हे शब्द एकमेकांकडे ओढताना दिसतात. करारनाम्यात देहसंबंधाची दारे बंद केल्यामुळेच प्रेमाला इतके मोकळे बोलता आले. मराठी परंपरेला ही रचना अनोळखी नाही. नवविधा भक्तीत ‘सख्य’ ही आठवी भक्ती आहे आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात तिला स्वतंत्र समास दिलेला आहे. देवाशी सख्य करावे, त्याच्यासाठी आपले सुख सोडावे, ही कल्पना ज्याच्या कानावर पडलेली आहे त्याला मैत्री आणि त्याग यांचा हा करार अगदीच विचित्र वाटू नये.

तथापि एवढ्यावरून ‘येथे काहीच नव्हते’ असा निर्वाळा देणे हाही उतावळेपणा होय. १९०९ मध्ये लंडनहून लिहिलेल्या पत्रात आपल्या खोलीत कॅलनबॅक यांचे छायाचित्र समोर असते आणि रोजच्या वापरातल्या काही वस्तूंनीही त्यांची आठवण होते, असे गांधीजी लिहितात. निसर्गोपचाराच्या त्यांच्या प्रयोगांत त्या वस्तूंचे स्पष्टीकरण मिळू शकते. ओढीचे स्पष्टीकरण त्याने होत नाही. शिमोन लेव यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला ‘सोलमेट्स’ हे नाव दिले आहे. तो शब्द निदान या ओढीला नाकारीत नाही.

याशिवाय एक अडचण दस्तऐवजांचीच आहे. गांधीजींची कॅलनबॅक यांना गेलेली पत्रे त्या मित्राने जपली. ती समग्र वाङ्मयाच्या ९६ व्या खंडात छापली गेली. कॅलनबॅक यांची त्या काळातील पत्रे मात्र गांधीजींनी नष्ट केली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत ही इच्छा कॅलनबॅक यांचीच होती. म्हणजे उपलब्ध आहे तो अर्धा संवाद. ज्याच्याकडून विवाह न करण्याचे वचन घेतले गेले आणि जो अखेरपर्यंत अविवाहित राहिला, त्याच माणसाचा आवाज इतिहासात सर्वात क्षीण आहे. यास्नाया पोल्यानात सोफिया आंद्रेयेव्नाने निदान आपली रोजनिशी मागे ठेवली. आणि कस्तुरबांचा आवाज ? त्याचा तर प्रश्नही सहसा विचारला जात नाही.

गांधीजी आणि ‘चॉकलेट’

समलिंगी संबंधांविषयी गांधीजींचे मत प्रतिकूल होते, यात संशय नाही. शाळांतील अशा प्रकारांना त्यांनी दोषच मानले. पण या विषयावरील साहित्याशी त्यांचा जो एक प्रत्यक्ष संबंध आला तो विचार करण्यासारखा आहे. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचा ‘चाकलेट’ हा हिंदी कथासंग्रह १९२७ मध्ये निघाला. पुरुषांमधील आकर्षण हा त्याचा विषय; लेखकाचा घोषित हेतू निषेधाचा. ‘विशाल भारत’चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी अशा लेखनाला ‘घासलेटी साहित्य’ ठरवून मोहीम उघडली आणि गांधीजींचे मत मागविले. गांधीजींनी पुस्तक प्रत्यक्ष वाचले आणि त्यांना ते अश्लील वाटले नाही. तसे त्यांनी चतुर्वेदींना कळविले. चतुर्वेदींनी ते पत्र त्या वेळी प्रसिद्ध केले नाही. ते वाचकांपुढे आले १९५० च्या दशकात. २०११ मध्ये गांधीजींच्या नावे न वाचलेल्या पुस्तकावर बंदी मागणाऱ्यांना हा प्रसंग ठाऊक असता तर बरे झाले असते.

रशियात या प्रकारच्या साहित्याची वाट आणखी अरुंद झाली. क्रांतीनंतर १९२२ च्या दंडसंहितेतून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळण्यात आला होता; १९३४ मध्ये स्टालिनच्या राजवटीत तो पुन्हा आला आणि मॅक्झिम गॉर्की यांनी लेख लिहून त्याचे समर्थन केले. ‘आई’च्या लेखकाची ही बाजू मराठीतील गॉर्कीप्रेमात कधी आलीच नाही. कुझमीन यांचा अखेरचा कवितासंग्रह १९२९ चा. मॉस्कोच्या प्रकाशनगृहांमार्फत पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या स्वस्त आणि सुबक रशियन पुस्तकांत त्यांना स्थान असणे शक्यच नव्हते. मराठी वाचकाने रशियन साहित्य म्हणून जे वाचले ते आधीच चाळून आलेले होते. रशियातील तो गुन्हा १९९३ मध्ये रद्द झाला, पण २०१३ आणि २०२२ च्या ‘प्रचार’विरोधी कायद्यांनी आणि नोव्हेंबर २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या विषयावर लिहिणेच धोक्याचे झाले. २०२४ मध्ये पासोलिनी यांच्या एका चरित्राचा रशियन अनुवाद कित्येक पानांवर काळे पट्टे मारून बाजारात आला. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध वगळले. ‘ग्रेट सोल’वरील वादाच्या वेळी मात्र दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय अपिलात अडकलेला होता. तेव्हाच्या संतापाला ‘गुन्हा’ या शब्दाची छाया होती, हे विसरून चालत नाही.

सेगावातील पाहुणा

१९३७ ची भेट निव्वळ स्नेहभेट नव्हती. ज्यू राष्ट्रवादी चळवळीविषयी गांधीजींची सहानुभूती मिळवावी, अशी कामगिरी चळवळीच्या नेत्यांनी कॅलनबॅक यांच्यावर सोपविली होती. ती सफल झाली नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये सेगावहून लिहिलेला ‘हरिजन’मधील ज्यूंवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यात जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला होता आणि पॅलेस्टाइनवरील त्यांच्या दाव्याला नकार होता. त्यानंतर काही आठवड्यांनी कॅलनबॅक दुसऱ्यांदा येतात, आणि हिवतापाने अंथरूण धरतात. याच सुमारास गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आपल्याजवळ राहत असलेल्या एका ज्यू मित्राचा उल्लेख केला आहे. त्याची अहिंसेवर बौद्धिक श्रद्धा आहे, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे आपल्याला जमत नाही असे तो म्हणतो, आणि त्या रागाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही, असा त्याचा आशय. नाव दिलेले नाही.

१९११ चा करारनामा लिहिणारा ‘वरिष्ठ’ येथे कलमे घालताना दिसत नाही. मित्राचे मन आपल्या सिद्धांतात बसत नाही हे तो छापून सांगतो आणि तसेच राहू देतो. या मैत्रीचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील तरुण वर्षांपाशीच थांबतो आणि साठी ओलांडलेल्या दोघांचे सेगावातील दिवस तळटीपेत जातात, ही मोठी उणीव होय.

कॅलनबॅक २५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्गला निवर्तले. त्यांच्या नातलगांकडे राहिलेला पत्रांचा आणि कागदपत्रांचा संग्रह जुलै २०१२ मध्ये लंडनला लिलावात जाणार होता. भारत सरकारने सुमारे सात लाख पौंड मोजून तो लिलावापूर्वीच विकत घेतला. तो आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.